कोपरा फाटलेलं पत्र

आमच्या डिंडोलीत पोस्टमन येतो तो कुणाचं आधार कार्ड द्यायला, नाहीतर नोटीस. माझं मात्र निळं आंतरदेशीय पत्र यायचं. ज्याच्याशी साखरपुडा झाला होता, तो सैन्यात होता, आणि डोंगरातल्या त्याच्या चौकीवर मोबाइल चालत नव्हता. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली, ‘सप्रेम नमस्कार’. एकदा खालच्या तळावरून त्याचा फोन आला, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, “मला लिहिताय की साहेबाला रजेचा अर्ज? जरा गोड लिहिलं तर बंदूक गंजेल का?” तो नुसता हसला.

त्या दुपारी मी ओट्यावर साडीला खडे चिकटवत बसले होते. पोस्टमन एरवी हाक मारून पत्र हातात द्यायचा. त्या दिवशी त्याने ते चपलांच्या पायरीवर ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाला, “बेन, बहार ज वांचजो.” पत्राचा वरचा कोपरा फाडलेला होता.

आमच्या खानदेशात काय आणि इथे गुजरातेत काय, कोपरा फाडलेल्या पत्राचा अर्थ एकच. कुणीतरी गेलं. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. आई दारात आली, पत्र पाहून दार अडवून उभी राहिली. “घरमा नको आनू ते,” एवढंच म्हणाली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी तर तेवढ्यात त्याचा हार घातलेला फोटोसुद्धा पाहून घेतला.

पण पत्त्याचं अक्षर त्याचंच होतं. गेलेला माणूस स्वतःची बातमी कशी लिहील? गोंदाच्या हातांनीच मी पत्र उघडलं. मायना नव्हता, तो फाडलेल्या कोपऱ्याबरोबर गेला होता. पुढे लिहिलं होतं की चौकी हातची गेली. चार सोबती वरच राहिले, त्यांना खाली आणताही आलं नाही. चौघांची नावं होती. ‘मरणाची बातमी आहे म्हणून कोपरा फाडला. मी बरा आहे. वाचून झालं की फाडून टाक, घरात नेऊ नकोस. आम्ही परत वर जाणार आहोत. हळदीची तारीख बदलू नका.’

जिवात जीव आला, आणि ‘परत वर’ हे शब्द पुन्हा वाचल्यावर निघूनही गेला. मी आईला म्हटलं, “ते जिवंत आहेत. हे पत्र मी ठेवणार.”

“जित्ता शे म्हनीसनच फाड,” आई म्हणाली. “मरनना कागद घरमा ठेवतस का?”

मला राग आला, तिचा, रीतीचा, त्याचाही. तरी फाडलं. माझ्या हट्टापायी त्याला काही झालं तर, या भीतीने फाडलं. तुकडे गटारात टाकले आणि अंघोळ केली.

त्यानंतर पत्र आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी आधी त्याच्या हातातल्या कागदांचे कोपरे बघायचे. आईने लग्नाची हळद दळून आणली होती. तो डबा मी उघडत नव्हते.

शेवटी त्याचे वडीलच आले, गावी त्याचे सगळे विधी उरकून. ओट्यावर बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. तळावरच्या त्याच्या पेटीत पाकीट सापडलं होतं, ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. “तुन्हंच शे पोरी,” म्हणाले. आत निळ्या कागदाचा तिकोनी तुकडा होता. त्यावर त्याच्या अक्षरात एकच शब्द, ‘लाडके’.

आई दारातच उभी होती. ती बाजूला झाली. तो कोपरा मी घरात नेला.