वर गेलेला हात

सोलापुरात आमच्या टीमला 'मुक्यांची टीम' म्हणायचे. त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही, उलट थोडा माजच होता. समोरची पोरं "दे, दे, मागं बघ, एकटाय मी" असं ओरडून घसा कोरडा करून घ्यायची आणि आम्ही सातजण तोंडातून चकार शब्द न काढता खेळायचो. पास कुणाला जाणार हे त्यांना बॉल गेल्यावर कळायचं. एकदा एका कॉलेजच्या पोरानं मॅच झाल्यावर मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "काका, तुमच्यात बोलता येतं असे तुम्ही एकटेच का?"

खरं कारण साधं होतं. आम्ही सगळे एकाच कारखान्यातले. टॉवेल विणणारे यंत्रमाग एकदा सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. माणूस वर्षभरात ओरडणं सोडतो आणि हातांनी बोलायला लागतो. कांडीवरचं सूत संपलं, चहा आला, मालक आला, मालक आज भांडून आलाय, प्रत्येकाला वेगळी खूण. बाकीचं ओठांवरून वाचायचं. लांबच्या कोपऱ्यातला माणूस काय पुटपुटतोय ते आम्हाला दिसतं. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं, तो मालकाकडे पाठ करून शिव्या देतो आणि सगळा कारखाना हसत बसतो.

मी तिथं जॉबर आहे, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. मूळचा मंद्रूपचा. शेती भावाकडे आहे, त्याचं आणि जमिनीचं जमतं, माझं जमलं नाही. कारखान्यात बहुतेक घरं तेलुगू बोलणारी, पिढ्यान् पिढ्या विणकामातली. मला पहिल्या दिवसापासून 'जॉबर' हेच नाव पडलं. माझं स्टूल दाराजवळ, मेन स्विचच्या खाली. तिथं बसण्यामागे एक नियम आहे, आणि तो नियम अण्णामुळे झाला.

अण्णा म्हणजे आमच्यातला वडीलधारा विणकर, सगळ्यांचाच अण्णा. मी यायच्या आधी त्याचा डावा हात मागाच्या दातेरी चाकांत अडकला होता. त्यानं उजवा हात वर केला, पण तेव्हाचा जॉबर चहाला बाहेर गेला होता आणि बाकीचे आपापल्या मागावर वाकलेले होते. कुणी बघेपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. तेव्हापासून मेनखाली माणूस असल्याशिवाय कारखाना सुरू होत नाही. आणि कुणाचाही उघडा पंजा सरळ वर गेला, की कारण विचारायचं नाही. मी मेन पाडायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. हात कशाला वर केला, हे सगळं थांबल्यावर बघायचं.

अण्णा तो डावा हात सहसा कुणाला दिसू द्यायचा नाही. लग्नात, दवाखान्यात, पोरीच्या शाळेत, खांद्यावरचा टॉवेल बरोबर त्या हातावर यायचा. आधी तो क्रिकेट खेळायचा म्हणे, बॉलिंग चांगली होती. बोटं गेल्यावर ते सोडलं, आणि मग त्यानंच ही फुटबॉलची टीम काढली. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमाला फुटबॉलचं खूळ कुटनं लागलं?"

तो म्हणाला, "ह्या खेळात हात लागत न्हाय, जॉबर. लावला तर फाऊल हाय की."

हे तो हसत बोलला, पण मी ते विसरलो नाही. मैदानात तो टॉवेल बाजूला टाकायचा आणि दोन्ही हात मोकळे सोडून पळायचा. तिथं त्याची बोटं कुणी मोजत नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पळताना श्वास शिट्टीसारखा वाजायचा, तरी मधल्या फळीत त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. मला आमच्या टीममध्ये गोडी होती ती खेळापेक्षा त्या मोकळ्या हातांची. जिंकण्याचं मला फारसं काही नव्हतं. आम्ही जिंकायचोही नाही.

त्या वर्षी मात्र काय झालं कुणास ठाऊक, शनिवार-रविवारच्या त्या स्पर्धेत आम्ही जिंकतच सुटलो. शहराबाहेरच्या शाळेचं मैदान, मुरमाचं, पडलं की गुडघ्याची सालं निघणारं. शनिवारी आम्ही डॉक्टर लोकांच्या टीमला हरवलं. त्यांचे बूट बघूनच आम्ही निम्मे हरलो होतो, पण त्यांचा दम पहिल्या हाफमध्येच संपला. रविवारी सकाळी अकलूजची टीम. ती पोरं उसाच्या पट्ट्यातली, दूध पिऊन वाढलेली, अंगानं आमच्या दुप्पट. त्यांनाही हरवलं. तो सामना आमच्या कीपरनं एकट्यानं काढला.

कीपरबद्दल सांगायला हवं. तो आणि अण्णा एकाच गल्लीतले, एकाच शाळेतून एकाच वर्षी पळालेले, आणि कारखान्यात एकमेकांच्या शेजारच्या मागांवर. पाळी संपेपर्यंत दोघांचे हात आणि ओठ चालूच. तेलुगूत काय एवढं बोलतात म्हणून मी सुरुवातीला कान, म्हणजे डोळे, लावून बसायचो. निम्मं भाज्यांच्या भावाबद्दल असायचं.

फायनल होटगीच्या रेल्वेतल्या पोरांशी होती. उन्हं कलली होती. कडेला आमच्या कारखान्यातली माणसं बायकापोरांसकट आली होती, अण्णाची मुलगीही. ती बापासारखीच, ओरडत नव्हती, नुसते हात हलवत होती. हाफपर्यंत एक-एक झालं होतं. दुसऱ्या हाफमध्ये दोन्ही टीम थकल्या आणि बॉल नुसता इकडून तिकडे उडत राहिला. कडेच्या टेबलावर कप ठेवला होता आणि आमच्यातला प्रत्येकजण चोरून तिकडे बघत होता. मीसुद्धा. मला जिंकण्याचं काही नव्हतं असं वर म्हणालो खरं, पण त्या घटकेला तो कप मला हवा होता.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. बॉल होटगीवाल्यांकडे होता, आमच्या गोलपासून बराच लांब. तेवढ्यात त्यांचाच एक पोरगा अण्णाच्या शेजारी धडपडला आणि हातावर पडला. हात त्याच्या अंगाखाली दबला होता आणि तो असा किंचाळला की माझ्यासारख्या अर्धबहिऱ्यालाही ऐकू गेलं.

अण्णाचा डावा हात वर गेला. पंजा उघडा, सरळ, तीन बोटांचा.

आम्ही थांबलो, सगळेच्या सगळे. कुणी विचार केला नाही, तो करायचाच नसतो. पळणारे पाय जागच्या जागी रुतले. कीपर वाकलेला होता, तो सरळ उभा राहिला. माझा हात तर वर डोक्याजवळ गेला, जिथं कारखान्यात मेनचा खटका असतो तिथं. मोकळ्या हवेत खटका चाचपडत मी उभा होतो आणि होटगीचा फॉरवर्ड आमच्या मधून बॉल घेऊन आरामात चालत गेला. त्यालाही नवल वाटलं असावं. त्यानं एकदा मागं वळून बघितलं आणि मग बॉल गोलमध्ये ढकलला.

रेफरीनं शिट्टी गोलची वाजवली. त्याचं काही चुकलं नव्हतं, खेळ त्यानं थांबवलाच नव्हता. पडलेला पोरगा कपडे झटकत उठला. हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं. तोही आनंदानं नाचायला पळाला.

एवढ्यावर राहिलं असतं तर आम्ही रडून, हसून, दुसऱ्या दिवशी चहाला त्याचीच गोष्ट करून मोकळे झालो असतो. अण्णाची वर्षभर टिंगल केली असती, आणि त्यानं ती करून घेतली असती. पण अण्णा गोलकडे बघत होता. बॉल तिथं होता म्हणून मीही तिकडेच बघत होतो. कीपर जाळीतून बॉल काढायला वाकला, उठला, आणि स्वतःशीच पुटपुटला. आवाज काढला नसणार. एवढ्या अंतरावरून कुणाला ऐकू जाणार, असं एखाद्याला वाटेल. पण आम्हाला ऐकावं कुठं लागतं? तो तेलुगूत बोलला, आणि तेवढं तेलुगू मला येतं.

तो म्हणाला होता, त्या तुटक्या हातानं बुडवलं सगळ्यांना.

मी अण्णाकडे बघितलं. त्याचा हात अजून अर्धवट वर होता. तो त्यानं हळू खाली घेतला आणि काखेत घातला. उरलेला वेळ तो तसाच पळाला, हात काखेत धरून, एका अंगावर कलत. कडेला त्याच्या मुलीचे हातही थांबले होते. तिनं काय वाचलं आणि काय नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मला कळून घ्यायचंही नाही.

कीपर वाईट माणूस नाही. मॅच संपल्यावर अण्णानं बूट सोडताना त्याच्याकडे बघितलं नाही, त्यावरूनच त्याला समजलं. सोमवारी कारखान्यात त्यानं माग सुरू करायच्या आधी अण्णासमोर उभं राहून दोन्ही कान धरले, सगळ्यांच्या देखत. अण्णा हसला. "खुळा हायस का? खेळात माणूस बोलतंच की," म्हणाला, आणि चहाची खूण केली. दोघांनी चहा घेतला. आजही दोघं शेजारीशेजारीच असतात, भाज्यांचे भावही सुरू आहेत. बाहेरून बघणाऱ्याला काही झालं असं वाटणार नाही.

अण्णा पुन्हा मैदानावर आला नाही. मी एकदा घरी जाऊन म्हणालो, "अण्णा, तुमच्याबिगर टीम चालंना झालीय, या की." तो म्हणाला, "गुडघं दुखतंय रे, तुमी खेळा की." त्याच्या मांडीवर टॉवेल होता. आम्ही दोन-तीन रविवार खेळलो आणि मग कुणी कुणाला न विचारता बंद केलं. टीम गेली त्याचं मला दुःख आहे, पण ते सोसवतं. कुठलीही टीम कधीतरी मोडतेच.

सोसवत नाही ते वेगळंच. त्या सोमवारनंतर अण्णानं कारखान्यात हात वर केलेला नाही.

माग अडला की तो स्वतः बंद करतो, सगळा कारखाना ओलांडून माझ्यापर्यंत चालत येतो आणि खांद्याला हात लावतो, तोही उजवा. पहिल्यांदा मी म्हणालो, "अण्णा, नुसता हात वर करा की, मी पळत येतो." तो म्हणाला, "असू दे. पाय हाईत की मला अजून." मी रागावून बघितलं, विनवून बघितलं. कीपरनंही एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. अण्णा सगळ्यांना व्हय म्हणतो आणि चालत येतो.

आम्ही त्या दिवशी सगळेच्या सगळे थांबलो होतो, हे त्याला कुणी कसं सांगावं? ज्या दिवशी त्याची बोटं गेली त्या दिवशी कुणी थांबलं नव्हतं, आणि या वेळी एकजणसुद्धा हलला नाही. कप समोर दिसत असताना. माझ्या मनात ते फार मोठं आहे. पण त्याच्यापाशी ते एक पुटपुटणंच राहिलं, आणि ते पुसायची खूण आमच्या हातांना येत नाही.

मी आता माझं स्टूल फिरवून घेतलंय. पूर्वी ते दाराला तिरकं असायचं, सगळा कारखाना दिसायचा आणि वारंही यायचं. आता तोंड अण्णाच्या मागांकडे आणि पाठ भिंतीला. मेनच्या खटक्यासाठी हात डोक्यावरून मागं न्यावा लागतो, संध्याकाळी मान दुखते. मालकानं दोनदा विचारलं, असा का बसतोस म्हणून. मी वाऱ्याचं काहीतरी सांगितलं. खरं कारण हे, की पुन्हा कधी अण्णाचा हात चाकांत अडकला, तर दुसरा वर जाईल याची मला खात्री राहिलेली नाही. म्हणून मी त्याच्या हातांकडेच बघत बसतो.