पंपाची टिकटिक

सत्तावीस वर्षं सांभाळलेली माझी इंग्लिश बनावटीची, दोनच सीटची उघडी गाडी काल विकली. तिचा गंजलेला पत्रा मी स्वतः ठोकून सरळ केला होता. घेणारे गृहस्थ सांगलीहून आले आणि आत बसले.

"अहो, दुसरी किल्ली दिलीत का?" बायकोने दारातून विचारलं.

"देतो," म्हणालो आणि खिशातली मूठ तशीच ठेवली.

आणखी एक गोष्ट दिली नव्हती. किल्ली फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टिकटिकतो. ती टिकटिक थांबायच्या आत स्टार्टर दाबला, तर गाडी हटून बसते. हे मी मुद्दाम सांगितलं नाही. माणूस वस्तू देऊन टाकतो, पण तिची खोड स्वतःकडे ठेवतो. खरी मालकी बहुधा तिथेच असते.

त्यांनी किल्ली फिरवली. टिकटिक सुरू झाली. बोट स्टार्टरवर गेलं. दाबा, मी मनात म्हणालो.

बोट थांबलं. त्यांनी मान कलती केली. "थांबा, ही काहीतरी बोलतेय," ते हळूच म्हणाले आणि टिकटिक विरेपर्यंत ऐकत राहिले.

गाडी पहिल्याच दमात सुरू झाली.

"विसरलोच होतो," म्हणत मी घामाने ओली झालेली दुसरी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.