मागे कुणीतरी आहे

माझी वहिनी पुण्यातल्या पेठेतली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन आमच्या भरे गावात आली, तेव्हा तिला भाताची लावणी येत नव्हती. तिने लावलेली रोपं अर्ध्या तासात पाण्यावर तरंगायची. बायका हसायच्या, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे. नणंदच होते मी! माझी चुलती तर तिला तोंडावर म्हणायची, "हितं तुजं काय काम न्हाई, घरी जा."

तिसऱ्या दिवशी वहिनीने लग्नाआधी पाहिलेला भुताचा पिक्चर सांगायला घेतला. भूत ती दाखवायचीच नाही. "आधी नुसती दाराची कडी, अगदी जवळून. हलतेय. मग उंबऱ्यावर एक पाय, तेवढाच. मग बाईचा चेहरा. ती मागे बघत नाहीये, आणि मागे कुणीतरी आहे."

लावणी करताना आम्ही वाकून, उलट्या पावली सरकत जातो. बांधाला टाच लागेपर्यंत मागे काय आहे ते कळत नाही. दहा बायका होतो, पण मान वळवायची एकीचीही हिंमत झाली नाही. दुपारपर्यंत अख्खं खाचर लावून झालं. दुसऱ्या दिवसापासून वहिनीची तरंगणारी रोपं कुणीतरी गुपचूप नीट खोचायला लागलं.

चार-पाच वर्षांनी शेजारी बारशाला भाड्याचा व्हिडिओ आला, आणि नेमका तोच पिक्चर. वहिनीने मला बाजूला ओढलं. तोंड पार उतरलं होतं.

"वन्सं, मी तो डोळ्यांवर हात ठेवून बघितला हो. बोटांच्या फटीतून दिसलं तेवढं सांगितलं, बाकी माझ्या मनाचं. आता सगळ्या मला खोटारडी म्हणतील."

मला तिची इतकी माया आली की मी तिचा हात धरूनच बसले.

भरदुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून पिक्चर सुरू झाला. थोड्याच वेळात भूत समोरून, डोक्यापासून पायापर्यंत, लख्ख उजेडात चालत आलं. केसाळ आणि गुबगुबीत. पोरं खिदळली. वहिनीने मोकळा हात डोळ्यांवर ठेवला.

चुलती उठली. "बंद करा त्ये. आमच्या सुनंचा पिच्चर ह्यांस्नी नीट दावता येत न्हाई."

मग टीव्हीकडे पाठ करून ती वहिनीसमोर मांडी घालून बसली.

"तू सांग गं. कडी हालतीया, मग?"