लाल काचेखालचा हात

माझा उजवा हात एकदा झोपी गेला होता. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात आणि झटकला की पाय जागा होतो, तसली झोप नव्हे. भाद्रपदात झोपला तो फाल्गुनापर्यंत उठायचं नाव घेईना. ते दिवस आठवायला बसले की आधी सगळं लाल दिसतं, मग हळूहळू समुद्राचा आवाज येतो आणि त्या आवाजात मला आजही डुलकी लागते.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर झाईला, अगदी गुजरातच्या वेशीवर, आणि सासर वरोरला. दोन्ही घरं मच्छीमारांची. मला नववा महिना लागला होता. टोपलीतली मासळी निवडताना एका शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला. शिंगाळ्याचा काटा आमच्याकडे सगळ्यांनाच कधी ना कधी लागतो, म्हणून मी हळद दाबली आणि कामाला लागले. चार दिवसांत हात सुजून त्याची भाकरी झाली. डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तळहात मनगटापर्यंत चिरला आणि आतला पू काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगी झाली. तिला पहिल्यांदा माझ्याजवळ दिली तेव्हा माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

पट्टी सुटली, जखम भरली, टाके निघाले. हात मात्र परत आला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ठीक होती, पण अंगठा आणि पुढची दोन बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी मनगटाला लटकत होती. त्या बोटांत धरलेली वस्तू डोळ्यांनी बघितली तरच आहे, नजर हटली की नाही. पेला धरायचा तर पेल्याकडे बघत बसायचं. सकाळी उठावं तर हात असा ठणकत असायचा, आणि चिमटा काढला तर ढिम्म. दुखायचं तेवढं दुखायचं आणि कळायचं काहीच नाही, याचा मला फार राग येई.

त्यात बोंबलांचा हंगाम. बोंबील सुकवायचे म्हणजे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवर टाकायची. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या दोऱ्यांचा उंच मांडव. जबड्यात जबडा अडकवायचं काम नेमकं त्या तीन बोटांचं. आमच्या बायका गप्पा मारत, न बघता, भराभर जोड्या टाकतात. मी एकेका जोडीकडे डोळे वटारून बघायची आणि तरी बोंबील वाळूत पडायचा. त्यांचे दात सुईसारखे बारीक, बोटं रक्ताळायची आणि मला पत्ता नसायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगो, बोंबील लाल कुठं असतो? बस तू."

त्यांना वाटे माझा जीव कामासाठी तुटतो. माझा जीव तुटत होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मूल धरायचं ते डाव्या हातानं आणि कुरवाळायचं ते उजव्यानं, बाईच्या जातीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी मुलीच्या डोक्यावरून उजवा हात फिरवला की वाटे, शेजारची कुणी बाई माझ्या लेकीला हात लावते आहे आणि मी बघते आहे. तिचं अंग तापलं आहे का, घाम आला आहे का, काही काही कळत नसे. पोटचं मूल आणि ओळखच पटेना. असलं बोलायचं तरी कुणाशी? लोक म्हणाले असते, हिला बाधा झाली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि कापसानं एकेक बोट हलकेच शिवून विचारलं, "आता कुठं लागलं?" मी तीन बोटांवर तीनदा मुकी राहिले. मग त्यानं समजावलं, मनगटाच्या आत एक बोगद्यासारखी वाट असते, त्यातून बोटांची शीर जाते, आजूबाजूला सूज राहिली की ती आवळली जाते. मला ते लगेच पटलं. खाडीच्या तोंडाशी गाळ बसला की होडी आत येत नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको. मी विचारलं, "येईल का परत?" तो म्हणाला, "येईलही. सांगता येत नाही." मग त्यानं लाल दिव्याचा शेक लिहून दिला.

दवाखान्याच्या टोकाच्या खोलीत तो दिवा होता. खिडकीला गडद पडदा, टेबलावर माझा हात आणि वरून तांबडा उजेड. बाहेर गुजरातीत, मराठीत, वारलीत चाललेली बोलणी एकात एक मिसळून यायची आणि मला तिथं गाढ झोप लागायची. झोपेत हात माझा असायचा. जाग आली की तो टेबलावर पडलेला दिसायचा. पण वरोरहून डहाणूला रोज बसनं जायचं कसं, तेही तान्ही पोर घेऊन? डॉक्टर म्हणाला, जमेल तेव्हा या, एरवी घरी कोवळ्या उन्हाचा शेक घ्या.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि उपचार आपल्या ताब्यात घेतला. त्यांच्या मते गुण उन्हात नव्हता, गुण लाल रंगात होता; नाहीतर डॉक्टरनं दिव्याला लाल रंग कशाला दिला असता? घरात लाल काच एकच होती, आमच्या होडीच्या कंदिलाची. काळोखात दुसरी होडी जाळ्यावर येऊ नये म्हणून तो कंदील काठीला टांगत. सासूबाईंनी त्याची काच काढून घेतली. आमचे हे होडीवर निघाले तर कंदील बोडका. चिडण्याऐवजी हसत सुटले. म्हणाले, "तुझा हात किनाऱ्याला लागला की काच परत दे म्हणजे झालं." आणि शेजाऱ्याचा जुना कंदील मागून घेऊन गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर त्या सासूबाई कसल्या! उधव्याकडची एक वारली म्हातारी आमच्याकडे सुकी मासळी न्यायला यायची, बदल्यात नाचणी घालायची. तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि बाभळीच्या काट्यानं मनगटापासून मानेपर्यंत टोचत गेली. "इथं लागतं का, बाय? आन इथं?" जिथं मी आई गं म्हटलं तिथं तिनं काजळाचा ठिपका ठेवला. मनगटाच्या घडीवर, त्याच्या जरा वर, कोपराच्या आत, मानेच्या खाली. "शीर इथून चालते," म्हणाली आणि नाचणीची पिशवी झटकून निघून गेली. सासूबाईंनी लगेच डॉक्टर आणि म्हातारी यांची सोयरीक जुळवली: लाल उजेड पाडायचा तो या ठिपक्यांवर.

मग सुरू झालं माझं वाळवण. वलांडीखाली चटई, उपड्या टोपलीला टेकवलेली काच आणि तिच्यातून ठिपक्यावर पडलेला तांबडा उजेड. ऊन सरकलं की हात सरकवायचा. सासूबाई बोंबील उलटायला आल्या की जाता जाता माझाही हात उलटून जायच्या. "एकच बाजू भाजली की किडा पडतो," असं त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी आठवडाभर हसत होते. आसपासच्या बायका विचारायच्या, "सूनबाई सुकली का गो?"

पण ते दिवस सुखाचे होते, हे मी आता कबूल करते. वलांडीच्याच बांबूला मुलीची झोळी टांगलेली असायची. वर बोंबलांच्या रांगा वाऱ्यानं एकदम हलायच्या आणि त्यांच्या सावल्या झोळीवरून, माझ्यावरून, वाळूवरून पोहत जायच्या. ओहोटीला समुद्र इतका लांब जाई की त्याचा आवाज दुसऱ्या गावाहून आल्यासारखा वाटे. मीठ, वाळणारी मासळी, झोळीतला दुधाचा वास. मी जागी आहे की झोपले आहे, हे मलाच कळत नसे. मनात मात्र एकच धाक असायचा, की मुलगी मोठी होईल, रांगेल, चालायला लागेल, माझ्या हातातून निघून जाईल आणि तोवर हा हात झोपूनच राहील.

पुढं पुढं बोटांत आग व्हायला लागली. लाल मुंग्या चावाव्यात तशी. मी कुणाला बोलले नाही, आशा लावून घ्यायची भीती वाटत होती.

फाल्गुनातली दुपार. हंगाम ओसरला होता, वलांडी अर्धी रिकामी होती. झोळी ओली झाली म्हणून मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. सासूबाई खांबाला टेकून पेंगत होत्या. माझेही डोळे मिटले. पापण्यांच्या आत लाल उजेड आणि त्यात कुठल्या तरी होडीतून मी लांब चालले आहे असं वाटत होतं. अंगठ्याखाली काहीतरी होतं. काहीतरी मऊ, दुमडलेलं, थोडं गार. मी होडीतच होते, मला वाटलं पाण्यातलं काही हाताला लागलं. बोट पुढं सरकलं तर त्या दुमडीच्या खाली ऊबदार, ओलसर असं लुसलुशीत काही. मग ते हललं.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर सगळं डोळ्यांनीच कळेल, हाताला नाही, एवढं त्या गुंगीतही मला समजत होतं. डोळे घट्ट मिटून मी अंगठा पुन्हा मागं नेला. कान होता. माझ्या लेकीचा कान. कानामागं घामानं चिकटलेलं जावळ होतं, एकेक केस वेगळा लागत होता. मानेवर वळी होती आणि वळीत घाम. अंगठा परत येत होता, त्याच्या शेजारचं बोट येत होतं, मधलं अजून बधिर होतं. ते आयुष्यभर तसंच अर्धवट राहिलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या एवढ्याशा डोक्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले आणि माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. "काय गो, काय झालं? दुखतं काय?"

मी म्हटलं, "हिचे केस किती मऊ आहेत."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "सहा महिन्यांची झाली की गो पोर. तुला आत्ता कळलं?"

"हो," मी म्हटलं, "आत्ता कळलं."