भारतीला होडीत बसवायचं कुठं?

राजूरच्या वरच्या अंगाला धरणाचं पाणी डोंगरांत शिरतं, तिथल्या वस्तीवर जयमाला राहायची. १९९४ साली तिला पलीकडच्या वाडीत बालवाडीताईचं काम मिळालं. वस्तीतून नोकरीला लागलेली ती पहिलीच बाई. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दोन तास, पाण्यावरून जेमतेम अर्धा. नवरा जालिंदर मासे धरायचा. त्याची अरुंद लाकडी होडी होती. पण तीन वर्षांच्या भारतीला घरी सांभाळायला कुणी नव्हतं. म्हणजे रोज तिलाही होडीतून न्यायचं.

जालिंदरला कोण आनंद! त्यानं बाजारातून लहान खुर्ची आणली, होडीच्या आडव्या फळीवर ठोकली, वर जुन्या दप्तराचा पट्टा लावला.

"बघ, रानीवानी बसंल!"

जयमालानं खुर्ची हलवून पाहिली. जराही हलेना. तेच तिला खटकलं.

"अहो, होडी उलटली तर?"

"पंधरा वर्सं वल्हवतोय. एकदा तरी उलटली का?"

"न्हाई ना? मग आज उलटवून बघू."

तिनं परसातला लाल भोपळा उचलला, भारतीएवढाच जड. खुर्चीत ठेवून पट्ट्यानं आवळला. दोघं काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरले. बघता बघता सगळी वस्ती गोळा झाली. बसायची जागा उंच, त्यामुळं जयमालानं एका हातानं ढकललं तरी होडी पालथी झाली.

भोपळा वर येईना. जालिंदरनं बुडी मारली. पट्ट्याचं बक्कल ओलं, बोटं सटकत होती. जयमाला मोठ्यानं आकडे मोजत होती. चाळीसाला तो भोपळा घेऊन वर आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कुणी काही बोलायच्या आत त्यानंच खुर्ची उपटून काठावर फेकली.

"बांधायचं न्हाई," तो म्हणाला. "पोरीला कशालाच बांधायचं न्हाई."

शेजारच्या आक्काबाईनं बांबूची खोलगट पाटी आणली, भोपळा तिच्यात ठेवला. पण होडी डुलली की पाटी घसरायची, होडी एका अंगाला कलायची. मग जयमाला होडीच्या मध्यावर, अगदी तळाशी बसली आणि भोपळा गुडघ्यांच्या मधे धरला. आता जालिंदरला दोन्ही हातांनी जोर लावूनही होडी पटकन उलटेना. तिनं थर्मोकोलचे तुकडे आत शिवून एक बंडी केली होती, ती भोपळ्याला घातली. शेवटी तिनं आतून आणि त्यानं बाहेरून जोर लावून होडी पालथी केली. भोपळा फट्‌कन वर!

काठावर एकच आरोळी उठली. आक्काबाई तर लुगडं सावरत घोटाभर पाण्यात नाचली.

आता खरी भारती. बंडी घालून आईच्या गुडघ्यांत बसली आणि भोकाड पसरलं. तिला चहूबाजूंनी नुसत्या फळ्याच दिसत होत्या. ती उठून उभी राहायला बघायची. जयमालाच्या ध्यानात आलं, पोरीला पाणी दिसलं नाही तर ती बसणारच नाही. जालिंदरनं चार बोटं उंचीचा पाट बसवला, तो सरकू नये म्हणून खाली ट्रकच्या ट्यूबचं रबर ठोकलं. त्यावर बसल्यावर भारतीची हनुवटी होडीच्या कडेच्या वर आली. रडं थांबलं.

"आई, पानी पळतंय!"

पहिल्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखं होतं. जालिंदर मागं वल्हं मारत होता. खडकावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. भारती प्रत्येकाला हाका मारत होती. जयमालाच्या छातीत धडधडत होतं. पण ती धडधड भीतीची नव्हती. आपण ताई झालो, आणि आपली पोर बरोबर आहे, याची होती.

पलीकडच्या काठावर वीसेक पोरं आरडाओरडा करत उभी. त्यांच्यात नातवाला कडेवर घेतलेली केशरबाई होती. होडी लागली तसा तिनं आधी तो पाट बघितला, हातानं दाबून पाहिला.

"ताई, असला एक आमालाबी करून द्या. ह्याला मामाच्या गावाला न्यायचा हाय, लई भ्या वाटतं."

जालिंदर वल्हं टेकवून हसला. "देतो की! पन आधी तुमचा भोपळा आना."