आर्डिसला हवी होती दहा वर्षांची वॉरंटी

आर्डिस टोलेफसनने उभ्या आयुष्यात पहिल्या विचारण्याला कधी 'हो' म्हटलं नव्हतं. उत्तरेकडच्या आमच्या या बर्फाळ गावात, स्कोगनमध्ये, तसं कुणीच म्हणत नाही. कॉफी घेणार का, असं कुणी विचारलं की आधी 'नको, उगीच कशाला' म्हणायचं. परत विचारलं की 'केलेली असेल तरच' म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं आणि मग भरलेला कप सावकाश रिकामा करायचा. चर्चच्या तळघरात रविवारी वड्यांचं ताट फिरतं, त्यातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. प्रत्येकजण सुरीने तिच्यातली अर्धी कापून घेतो. शेवटी ताटात जो काही भुगा उरतो, तो पुसून काढण्याचं काम गेली कित्येक वर्षं आर्डिसकडेच आहे.

या बाबतीत तिचा हात धरणारा गावात दुसरा कोणी नव्हता. मर्लने तिला लग्नाचं विचारलं ते गोठलेल्या तळ्यावरच्या खोपटात, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून दोघं बसलेले असताना. ती म्हणाली, "नको रे, तुला उगीच त्रास." मर्ल इथलाच असल्यामुळे त्याने मनाला लावून घेतलं नाही. एक मासा काढला, पुन्हा विचारलं. मग थर्मासमधली कॉफी संपवून तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा कुठे आर्डिस म्हणाली, "तुझी फारच इच्छा असेल तर." तिच्या आईला मात्र मुलीने जरा घाईच केली असं शेवटपर्यंत वाटत राहिलं.

असा हा जुना, मुरलेला संसार. त्यात गेल्या पानगळीत मर्लच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण माणूस बिघडला. घरी आल्या आल्या त्याने बोट विकून टाकली. हत्यारांची पेटी पुतण्याला देऊन टाकली. आर्डिस परसात सफरचंदाचं रोप लावायचं म्हणाली, तर हा म्हणतो, "फळं धरेपर्यंत खाणार कोण?" मासेमारीचं मासिक तीन वर्षांचं घेतलं तर स्वस्त पडतं, यानं एकाच वर्षाचं घेतलं. हे सगळं तो हसत हसत बोलायचा, आणि त्या हसण्याचाच आर्डिसला जास्त राग यायचा. डॉक्टर म्हणत होते की ठणठणीत आहे. हा आपला रोज निरोप घेत बसलेला.

त्यात जुनी गाडी गेली. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठानं तिचा तळ खाऊन टाकला होता. पायाखालून रस्ता दिसायला लागला, तेव्हा मर्ल नाइलाजाने नवीन घ्यायला तयार झाला. "चला," तो म्हणाला, "माझी शेवटची गाडी घेऊन टाकू." शोरूममध्ये रंग बघताना तो हेच म्हणाला, किंमत ठरवताना हेच म्हणाला. विकणाऱ्या पोराने कौतुकाने मान डोलावली. आर्डिसच्या मनात आलं, पर्स घालावी याच्या डोक्यात.

भाव ठरला की सह्या करायला मागच्या खोलीत पाठवतात. तिथे योलांडा कान्तू बसली होती. ती टेक्ससची. नवऱ्याला इकडे पवनचक्क्यांवर नोकरी लागली म्हणून नुकतीच आलेली, आणि वसंत ऋतू लागला तरी खोलीत कोट घालून बसणारी. बाई गोड होती, बोलणंही मोकळं होतं.

"कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची आहे," ती म्हणाली. "तुम्हाला ती वाढवून घेता येईल. पाच, सात किंवा दहा वर्षं. त्या काळात काहीही बिघडलं तरी दुरुस्ती आमच्याकडे. घ्यायची का?"

"दहा वर्षं!" मर्ल खो खो हसला. "अगं पोरी, तोवर मी कुठे असणार? मला नको विचारू. हिला विचार. नंतर गाडी हिलाच चालवायची आहे."

तो 'नंतर' आर्डिसने ऐकला. आणि त्याच क्षणी तिला ती दहा वर्षांची वॉरंटी हवीशी झाली. आयुष्यात तिला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. गाडी बिघडेल की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पुढची दहा वर्षं कुणीतरी छापील कागदावर लिहून देत होतं आणि खाली मर्लला सही करायला सांगत होतं. हा माणूस एका वर्षापलीकडच्या कशावर सही करत नव्हता.

"मॅडम, तुम्ही सांगा," योलांडा म्हणाली.

"नको गं," आर्डिस म्हणाली, "उगीच कशाला."

आणि ती दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसली.

योलांडाला बरं वाटलं. म्हाताऱ्या जोडप्यांच्या गळ्यात नको ते मारणं तिला मनापासून आवडत नसे. "ठीक आहे," म्हणत तिने 'नको'च्या चौकोनात खूण केली आणि कागद पुढे सरकवला. आर्डिसला वाटलं, आता तरी विचारेल. योलांडाने पेन पुढे केलं. समोरून आलेलं पेन न घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून आर्डिसने घेतलं आणि सही करून टाकली. मर्लनेही केली. झालं, संपला विषय.

घरी जाताना मर्ल गाडीवर खूश होता. "कशी वाटते?"

"वेगळीच आहे," आर्डिस म्हणाली.

मर्लचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. स्कोगनमध्ये 'वेगळीच आहे' यापेक्षा वाईट शब्द कुणी वापरत नाही. बहिणीच्या जावयाने गळ्यावर सापाचं चित्र गोंदवून घेतलं, तेव्हा आर्डिस हेच म्हणाली होती.

"काय झालं?"

"काही नाही."

"सीट टोचते का?"

"सीट छान आहे."

मर्लने धान्याच्या कोठारापाशी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे तोंड करून बसला. "आर्डिस, काय झालं ते सांग."

तीनदा विचारून झालं होतं. आता न सांगणं हा उद्धटपणा ठरला असता.

"मला ती दहा वर्षांची हवी होती."

"मग नको का म्हणालीस?"

"पहिल्याच फटक्याला हो कसं म्हणू? हावरट दिसलं असतं! मला वाटलं, विचारेल अजून दोनदा."

"अगं, ती टेक्ससची आहे! तिकडे नाही म्हणजे नाहीच!"

"ते मला काय ठाऊक!" आर्डिसचा आवाज चढला, आणि एकदा चढला तो उतरेना. "आणि मला गाडीचं काही पडलेलं नाही, मर्ल. तुझं शेवटची, शेवटची ऐकून कान किटलेत माझे. बोट विकलीस, मी गप्प बसले. हत्यारं दिलीस, गप्प बसले. तू जिवंत आहेस आणि मी रोज तुझं सुतक पाळतेय. मला एकटीला राहायची भीती वाटते. वाटलं, दहा वर्षांच्या कागदावर तू सही केलीस तर मला रात्री झोप तरी लागेल."

एवढं बोलून ती स्वतःच घाबरली. इतकं ती सलग कधी बोलली नव्हती.

मर्लने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग गाडी सुरू केली आणि वळवली.

आता परत जाऊन एखादी गोष्ट स्वतःहून मागायची, हे स्कोगनच्या माणसाला कपडे काढून बाजारात उभं राहण्यासारखं आहे. योलांडासमोर बसून मर्लने आधी हवेबद्दल विचारलं. मग तिच्या मुलांना बर्फातले बूट मिळाले का, ते विचारलं. तळ्यावरचा बर्फ यंदा कधी फुटला, त्याचीही माहिती दिली. योलांडा सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिनेच विचारलं, "सर, गाडीत काही गडबड आहे का?"

"छे छे, गाडी उत्तम आहे. ते मघाचं... वॉरंटीचं... म्हणजे काही लोक घेतही असतील."

"तुम्हाला हवी आहे? मग आत्ता करून देते."

"नको नको," मर्लच्या तोंडून निघून गेलं, "तुला उगीच त्रास."

योलांडाने उचललेलं पेन खाली ठेवलं.

मर्लने कपाळावर हात मारला. जन्मभराची सवय अशी ऐन वेळी आडवी आली होती. तो तोंड उघडून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होता, आणि समोरची बाई शांतपणे फाइल बंद करत होती.

"हो," आर्डिस म्हणाली.

ती इतक्या जोरात म्हणाली की बाहेर टायर बघणारी दोन माणसं वळली. तिचे कान लाल झाले होते. "हो. आम्हाला हवी आहे. दहा वर्षांची. आणि कॉफी देणार असशील, तर तीसुद्धा घेईन. पूर्ण कप."

योलांडाने दोन्ही दिलं. मर्ल बायकोकडे असा बघत बसला, जणू कुणा दुसऱ्याचीच बायको आपल्या शेजारी येऊन बसली होती. पण पेन त्याच्याकडे आलं तेव्हा त्याने सगळीकडे ठसठशीत सही केली.

"शेवटचं एक," योलांडा म्हणाली. "तपासणीची वेळ झाली की आम्ही फोन करतो. दर वर्षी, शेवटपर्यंत. कुणाचं नाव घालू?"

आर्डिसने कप खाली ठेवला. तिला धाकधूक वाटू लागली. आता हा पुन्हा 'हिचं' म्हणणार.

"माझं घाल," मर्ल म्हणाला. "हिला फोनवर बोलायला आवडत नाही."

आर्डिस फोनवर बोलायला लागली की स्वयंपाक करपतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. मर्ल आपला नंबर एकेक आकडा सावकाश सांगत होता, आणि ती डोळे पुसत ऐकत होती.