लक्ष्मीपूजनातलं घुबड

साठच्या दशकाच्या शेवटी आम्ही लंडनजवळ हॅरोला राहायला गेलो. हे दिवसभर हॉस्पिटलमध्ये, मी घरात, आणि भिंतीपलीकडे एक निवृत्त मास्तर. शाळेत ग्रीक शिकवायचे. बायको नुकतीच गेलेली. दर बुधवारी मी त्यांच्याकडे चहाला जायची आणि ते मला एक नाणं दाखवायचे, तेच नाणं, दर वेळी नव्या उत्साहाने. अथेन्सचं, चांदीचं, जाडजूड आणि काळपट. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं घुबड.

"आमच्याकडे घुबड अपशकुनी," मी एकदा म्हटलं, "पण लक्ष्मीचं वाहनही तेच."

हे त्यांना इतकं आवडलं की दिवाळी आली तेव्हा नाणं त्यांनी आपणहून माझ्या हातात ठेवलं. पूजेत ठेवा म्हणाले.

आता, काळी पडलेली चांदी देवापुढे ठेवणारी मी नव्हे. निरांजनं आणि पंचपात्री घासायला घेतली, त्यांच्यासोबत नाणंही घेतलं. टूथपावडर, जुना ब्रश, कोमट पाणी. घुबडामागून इवलीशी चंद्रकोर वर आली. अमावस्येच्या पूजेला चंद्र मिळाला म्हणून मी हरखून गेले.

दुसऱ्या दिवशी करंज्यांच्या ताटलीत ठेवून नाणं परत केलं. त्यांनी ते खिडकीशी धरलं आणि घुबडावरून अंगठा फिरवला.

"लग्न ठरलं तेव्हा घेतलं होतं," शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षं ती रोज संध्याकाळी हे बोटांत फिरवत बसायची. तो काळेपणा तिच्या हातांचा होता."

घरी येऊन यांना सांगितलं. "अगं, अँटिक सिल्व्हर कधी पॉलिश करतात का? एव्हरीबडी नोज दॅट," हे म्हणाले.

"मग आधी सांगायचं होतंत," मी फणकारले. राग माझा मलाच आला होता. एका माणसाची बायको मी टूथपावडरने धुऊन टाकली होती.

दोन बुधवार मी तोंड लपवलं. तिसऱ्या बुधवारी त्यांनीच दार वाजवलं. चहा थंड होतोय म्हणाले. मी गेले, खुर्चीत बसले, तर त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "माझी बोटं थरथरतात, खाली पडतं. तुम्ही फिरवा."

मग दर बुधवारी मी ते फिरवत बसू लागले. ते अथीनेबद्दल बोलायचे, बायकोबद्दल बोलायचे, आणि मी घुबडाकडे बघायची. ते आपलं लख्ख ते लख्खच. लहानपणापासून चांदी घासत आले, पण ती काळी पडावी म्हणून देवाला हात जोडले ते त्याच वर्षांत.

सत्तर साल उलटल्यानंतरच्या एका बुधवारी त्यांनी नाणं खिडकीशी नेलं, चष्मा वर केला. पंखांच्या खाचांत बारीक करडी रेघ धरली होती.

"आली," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. त्यांनी नाणं पुन्हा माझ्या हातात दिलं आणि चहा ओतायला घेतला.